खचलेली लादी
ओल्या वाळूचा वास आला की मला समुद्रकाठच्या मांडवीतलं आमचं परसदार आठवतं. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. मी नवी सून होते. सासूबाईंना दिसत नसे, तरी विहिरीकडे जाणाऱ्या सिमेंटच्या लाद्यांवरून त्या अनवाणी, एकट्या जायच्या. एका पावसाळ्यात खालची माती वाहून गेली, मधली लादी खचली आणि त्या पडल्या. तेव्हापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. शिमग्याला हे मुंबईहून घरी आले. कलत्या उन्हात त्यांनी पहारीनं लादी उचलून धरली, "हात सांभाळ गो," म्हणाले, आणि मी खालच्या पोकळीत वाळू ठासत राहिले. कुठूनशी सुरंगी दरवळत होती. लादी हलकेच समपातळीत बसली. माझी हाक ऐकून सासूबाई उंबरठा ओलांडून आल्या, त्यांनी लादीवर पाऊल टेकवलं, जरा थबकल्या आणि चालू लागल्या. विहिरीशीही न थांबता आवाराच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत गेल्या. "सूनबाई, भरती आलीय ना? मला पाण्यात पाय बुडवायचेत." आम्ही दोघं त्यांना हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेलो. पहिली लाट पायांवर येताच त्यांनी माझा हात सोडला. तो सुटलेला हात आठवला, की आजही मला फार बरं वाटतं.