माझी पट्टी सुरय्याबाईंच्या हाती

एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही पोराच्या अंगाला हात लावला नाही, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. मालगुंडच्या अलीकडे, खाडीकाठची आमची शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी सुरय्या मुकादमबाईंकडे. माझं हत्यार एकच, सागवानी फूटपट्टी. ती टेबलावर खाडकन आपटली की अख्ख्या वर्गाची हाताची घडी, तोंडावर बोट. मग मी पाढा विचारायचा. याला मी शिस्त म्हणत होतो.

सुरय्याबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. चष्मा कायम नाकावर घसरलेला, आणि बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. पिशवीत आईच्या हातच्या आंबापोळीचा डबा. अशा बाईचा वर्ग चालतो तरी कसा, हे मला कधी कळलं नव्हतं. पोरं लाडावून ठेवणार ही, एवढंच मी म्हणायचो.

सप्टेंबरात तिसरीतल्या तूबाचे वडील, अयूब, दाखला मागायला आले. कुवेतहून रजेवर आले होते. तूबा त्यांच्या पाठीमागे लपलेली.

"गुरुजी, पोरगी रोज सकाळी ओकते. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं बोलते. डाक्टर बोलले, पोटात काय नाय. मी जायच्या आधी तिला चिपळूणला मामीकडे ठेवतो."

"आणि तिची आई?"

"ती हितंच. म्हातारीला कोण बगेल?"

आठ वर्षांची पोर आईपासून तोडायची! मी काही बोलणार तोच सुरय्याबाई खाली वाकल्या. "कुठल्या तासाला दुखतं गो पोट?"

तूबाने माझ्या टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं. माझे कान तापले. लाज वाटली, पण खरं सांगतो, राग आधी आला.

"अयूबभाय, पंधरा दिवस थांबा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "अण्णा, तेवढे दिवस गणिताचा तास मला द्या. आणि ही पट्टीपण."

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून पाहिलं. बाईंनी पट्टी टेबलावर अलगद वाजवली, टक. लगेच प्रत्येकाच्या तळहातावर नखाएवढी आंबापोळी. प्रश्न नाही, पाढा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आवाज जरा मोठा.

"कुत्री शिकवताय की पोरं?" मी खवचटपणे विचारलं.

"डी.एड.ला तुम्हीपण कुत्र्याचा तो धडा वाचला असेल, अण्णा. घंटा वाजली की खायला. तुम्ही घंटा तेवढी घेतलीत, खायचं विसरलात."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आठवड्याने त्या विचारू लागल्या. शिंपल्या मांडून दोन-तीनचे सोपे पाढे. तोंड उघडेल त्याला शाब्बास, चुकलं तरी. बरोबर आलं की आंबापोळी. पुढे पुढे पाढे मोठे झाले, आणि आंबापोळी कधी मिळे, कधी नाही. शाब्बास मात्र चुकत नसे. "रोज दिली तर पोरं डब्यासाठी शिकतील," म्हणाल्या. तूबा तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी तिचे नुसते ओठ हलले, आणि बाईंनी तेवढ्यालाही शाबासकी दिली. आता श्वास घेतला तरी देतील, मी मनात म्हटलं. पण दोन दिवसांनी तूबाची आई सांगून गेली, सकाळचं ओकणं थांबलंय.

सोळाव्या दिवशी तास मला परत मिळाला. अयूब दाखल्याचा अर्ज घेऊन दारात, शेजारी सुरय्याबाई. वर्गात कलकलाट चाललेला, आणि जित्याची खोड. हात आपोआप उठला नि पट्टी खाडकन आपटली.

मेलो! गेली पोर चिपळूणला.

पण एकानेही हाताची घडी घातली नाही. अठरा तळहात माझ्यापुढे उघडे झाले. सगळ्यांत पुढे तूबाचा.

"गुरुजी, विचारा ना!"

"सात सक?" मी विचारलं.

"बेचाळीस!"

हात तसाच पुढे. मी खिसे चाचपले. खडूचे तुकडे आणि चष्म्याचं फडकं. आंबापोळी माझ्याकडे कुठली असणार?

"नसली तरी चालते," तिनेच माझी समजूत घातली. "बाईंकडे पण रोज नसते. नुसतं शाब्बास बोला."

एकतीस वर्षांत हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल, आठवेना. एकदा म्हणालो, मग पुन्हा म्हणालो. छातीवरचा धोंडा उतरला. तिकडे अयूबनी अर्जाची घडी करून खिशात घातली.

सुरय्याबाईंनी चष्मा वर सरकवला. नेहमीसारख्याच हळू बोलल्या, पण या वेळी मला पुढे वाकावं लागलं नाही.

"शाब्बास, अण्णा."