पडवीतले चार दिवस

सासरचं आमचं घर राहुरीपासून तासाभराच्या अंतरावरच्या गावात. पुढे ओसरी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि गोठ्याला लागून एक पडवी. ओसरीवर उजेड भरपूर, पण तिथं सासरे आणि त्यांच्याकडे येणारे-जाणारे; सुनेनं तिथं टेकायचंसुद्धा नाही. माजघरात धान्याच्या कणग्या आणि भर दुपारीही अंधार. स्वयंपाकघरात चूल, धूर आणि पाच मिनिटाला एक हाक. बाईला कधी वाचायला बसावं लागेल, हे त्या घर बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

मला तर मॅट्रिकला बसायचं होतं. दहावी झाली आणि लग्न लावून दिलं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची; ती अकरावी राहिली ती राहिलीच. मॅट्रिक झाले असते तर मास्तरीण होता आलं असतं, एवढा साधा हिशेब. नवरा साखर कारखान्यात कामाला. भला माणूस. त्यानं राहुरीच्या केंद्रासाठी परीक्षेचा फॉर्म भरला, कुणाची तरी जुनी पुस्तकं आणून दिली आणि म्हणाला, "कर अभ्यास, कोन न्हाई म्हनतंय?" खरंच कुणी नाही म्हणत नव्हतं. फक्त बसायला जागा नव्हती.

जागा मिळाली ती पाळीच्या चार दिवसांत. कावळा शिवला की गोणपाट, घोंगडी आणि तांब्या घेऊन पडवीत जायचं, पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. भाकऱ्या नाहीत, पाणी भरणं नाही, कुणाला शिवणं नाही. सासूबाई ताट लांबून सरकवायच्या. दुष्काळाचं वर्ष, जनावरं छावणीत पाठवलेली, त्यामुळे गोठाही गप्प. दारातून उजेड थेट मांडीवर यायचा. इतर बाया ज्या दिवसांना कंटाळायच्या, त्यांची मी बोटं मोजत वाट बघायचे. बीजगणित मी तिथंच शिकले.

सासूबाईंनी एकदा विचारलं, "पुस्तकाला इटाळ न्हाई का व्हत गं?"

"देवाचं न्हाई आत्याबाई, मास्तरांचं हाय," मी म्हटलं. त्यांना ते पटलं.

संक्रांतीनंतर पाळी आलीच नाही. काय ते मी समजले. परीक्षा मार्चात. सांगितलं तर पडवी बंद. मग ठरल्या दिवशी मुकाट्यानं गोणपाट उचललं आणि तिथं जाऊन बसले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. देवाला, घराला, पोटातल्या जिवाला, सगळ्यांना फसवत मी भूमितीची प्रमेयं पाठ करत होते. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

त्या दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी सासूबाई ताट घेऊन आल्या आणि भाकरीच्या वासानं मला भडभडून उलटी झाली. त्या बघत राहिल्या. पाच बाळंतपणं झालेली बाई, तिला काय सांगायला हवं? मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि शिवाशीव विसरून मला पोटाशी धरलं. "येडी का खुळी तू? दिस गेल्यात तुला, आन् हितं गारठ्यात बसलीस व्हय?" म्हणता म्हणता त्या रडायलाच लागल्या. मीही रडले. त्यांना वाटलं, आनंदानं.

त्याच दिवशी माझं अंथरूण माजघरात कणग्यांच्या मधे पडलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यांना ताण द्यायचा नाही, आणि एस.टी.चे धक्के तर नकोच नको. नवऱ्याला मी म्हटलं, "अहो, तुमी तरी सांगा त्यांना."

"म्होरल्या साली बस की," तो म्हणाला. "परीक्षा काय पळून जातीय?"

पुढच्या साली मांडीवर लेक होती. त्याच्या पुढच्या साली पुन्हा दिवस गेले होते. मग परीक्षेचा फॉर्म पुन्हा घरात आलाच नाही.

त्या वर्षी मार्चात, पहिल्या पेपराच्या सकाळी राहुरीची गाडी गेली, तिचा आवाज मला माजघरात पडल्या पडल्या ऐकू आला. इतका राग मला आयुष्यात परत कधी आला नाही, आणि तो काढायला समोर एकही वाईट माणूस नव्हता. थोड्या वेळानं सासूबाई आत आल्या. त्या तसल्या दुष्काळात कुणाच्या तरी दारी जाऊन वाटीभर तूप मागून आणून त्यांनी माझ्यासाठी शिरा केला होता. शेजारी बसून, अंधारात चाचपत, त्या मला एकेक घास भरवत राहिल्या. मी सगळा खाल्ला.