मांजरीला दोनदा लावलेलं औषध

सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन इथं लातूरला झालं आणि त्यासाठी ते कंधारकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात; नवरा त्यांना दादा म्हणतो. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचा. त्यामुळे बाकीचा आठवडा घरात आम्ही तिघंच असायचो. मी, मामा आणि मांजर.

मांजर माझी. मी शिकवते त्या शाळेच्या सायकल स्टँडमागे सापडलेली, करड्या रंगाची, अंगानं बारीक. मामांना तिचं घरात असणं अजिबात पटलेलं नव्हतं. जनावरानं काम करावं आणि खावं, असा त्यांचा हिशेब.

"उंदीर धरती का ही?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आपल्याकडे उंदीर नाहीत मामा."

"मग हिला कशाला ठिवलंय?"

मांजर त्यांच्याकडे बघत सोफ्यावर आरामात पाय चाटत होती. मामांनी मान फिरवली आणि पेपर काळ्या चष्म्याजवळ नेऊन वाचायचं नाटक सुरू केलं.

मग पिसवा झाल्या. मामांच्या पोटऱ्यांवर लाल लाल गांधी उठल्या आणि ते दिवसभर कराकरा खाजवत बसले. "तुझ्या मांजरीच्या पिसवा मला खाऊन राहिल्या," असं मला दोन्ही जेवणांच्या वेळी ऐकावं लागलं. गंमत म्हणजे मला एकही चावली नव्हती. पण तेव्हा मी त्यावर फार विचार केला नाही. औसा रोडवर आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टर बाई आहेत, त्यांच्याकडे मांजर नेली. त्यांनी तिचं वजन केलं आणि तिच्या मापाची औषधाची छोटी नळी दिली. मानेवरचे केस बाजूला करायचे आणि कातडीवर थेंब सोडायचे, बस्स. पिसवा मरतात.

शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले. मामा जेवून पलंगावर आडवे झाले होते. मांजर खिडकीत ऊन खात बसली होती. मी तिला मांडीवर घेतलं, नळीचं टोक मोडलं आणि थेंब सोडले. तिच्या अंगाला कसला तरी उग्र वास येत होता. मामांच्या गुडघ्याच्या तेलाचा असेल, असं मला वाटलं. ते तेल घरभर घमघमायचं.

भाकरी टाकायला तवा गॅसवर ठेवला, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काहीतरी धडपडलं. येऊन बघते तर मांजर सोफ्याखालून पलंगाखाली, पलंगाखालून दाराशी अशी सैरावैरा पळतेय. तोंडातून लाळेची तार लोंबतेय, कान फडफडतायत, पाठीची कातडी लाटेसारखी हलतेय. मी धरायला गेले तर हातावर ओरखडा. एरवी ती मला नख लावत नाही.

मामा उठून बसले. मला वाटलं, आता "बघ, सांगत होतो" म्हणतील. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मी गॅस बंद केला, डॉक्टर बाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून जमिनीवर ठेवला. दोन्ही हातांनी मांजर धरायची होती.

"नळी मी दिलेलीच ना? कुत्र्याची नाही ना आणली दुकानातून?"

"नाही नाही, तुमचीच."

"तिनं चाटलं असेल तर लाळ गळते, चव कडू असते. पण अंग हलतंय म्हणता? दुसरं काही लावलं होतं का? फवारा, पावडर?"

"नाही हो, काहीच नाही."

"लावलंय," मागून आवाज आला.

मी मान वळवली. मामा अजून भिंतीकडेच बघत होते. "सकाळी लावली म्या. गोचिडाची पावडर. म्हशीला लावतो ती. पिशवीत हुती."

मला रागवायलाही वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मामांचा चेहरा बघून राग येईना.

"ऐका," डॉक्टर बाई म्हणाल्या, "दूध, तूप काही पाजू नका. उलटी करवू नका. भांड्याचा साबण आणि कोमट पाण्यानं सगळं अंग धुवा, पटकन. डोळ्यात जाऊ देऊ नका. पुसून टॉवेलात गुंडाळा, चाटू देऊ नका, आणि लगेच निघा. ती पुडी घेऊन या. नळीचं खोकंही."

नळाला पाणी यायला अजून अवकाश होता आणि पिंपात थोडंच उरलं होतं. मी वाटी न वाटी पाणी जपणारी बाई, पण त्या दुपारी मामांनी पिंप उपसून बादली भरली आणि मी त्यात गरम पाण्याचं पातेलं ओतलं. मामांनी धोतराचा काचा मारला, मांडी घालून मोरीत बसले आणि मांजरीचे पुढचे दोन्ही पाय एका मुठीत धरले.

"डोळ्याला पाणी लागू देऊ नका मामा, ऑपरेशन झालंय."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरली. तू चोळ."

मी चोळलं. पांढरा फेस, राखेसारखं गढूळ पाणी, आणि पुन्हा फेस. मांजर भिजून इतकीशी झाली. तिचा ओरडा ऐकून शेजारच्या काकू दारापर्यंत येऊन गेल्या. मामा तिच्याशी हळूहळू बोलत होते, म्हशीशी बोलतात तसं. "हो हो हो. झालं झालं. उगी बाई, उगी."

रिक्षात मामांनी ती टॉवेलची गुंडाळी छातीशी धरली. थरथर गुंडाळीबाहेरूनही दिसत होती. खड्डा आला की मामा रिक्षावाल्याला म्हणायचे, "दमानं की रं."

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी आधी पुडी वाचली आणि ओठ घट्ट मिटले. थरथरीसाठी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, मान पुन्हा एकदा धुतली आणि अंगाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. "गुरांचं औषध मांजरीला कधीच लावायचं नाही," त्या मामांना म्हणाल्या. "तिला ते झेपत नाही. त्यावर दुसरं औषध पडलं. वेळेवर धुतलंत म्हणून बरं."

मामांनी मान हलवली. गावात ज्यांच्यापुढे कुणी तोंड वर करत नाही, ते मामा.

"आणि घरची अंथरुणं सगळी गरम पाण्यात धुवा. पिसवांची अंडी तिथंच असतात. ही झोपते कुठे?"

"सोफ्यावर," मी म्हणाले.

मामा खाकरले. "माझ्या वाकळंत."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तू निजलीस की येती," ते म्हणाले. "पायाशी बसती. मी बोलवत न्हाई. आता आलेल्या जनावराला काय हाकलायचं?"

डॉक्टर बाई सलाईनची नळी नीट करायच्या निमित्तानं पाठमोऱ्या झाल्या. मला माहीत आहे, त्या हसत होत्या.

आम्ही बाकावर बसून राहिलो. समोर एक कुत्रा लसीसाठी आला होता, त्याचा मालक त्याच्याहून जास्त घाबरलेला. ऊन उतरायला लागलं तेव्हा थरथर थांबली. मांजरीनं डोळे नीट उघडले, आम्हा दोघांना बघितलं आणि तोंड फिरवलं. "आता रागावली म्हणजे बरी आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. रात्री लक्ष ठेवा, पुन्हा अंग हललं तर फोन करा, असं सांगून त्यांनी सोडलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. नांदेडची गाडी आली होती. "घराला कुलूप का आहे? दादा कुठंयत? दादांना काही झालं का?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी फोन घेतला. "मला काय बी झालं न्हाई. मांजरीला झालंय, अन् ते माझ्यामुळं झालंय. सूनबाईला काय इचारू नको. शेजारच्या काकूकडनं किल्ली घे, पाणी तापाय ठेव, वाकळ धुवायची हाय."

"मांजरीसाठी?" पलीकडून.

"हाव, मांजरीसाठी," मामा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. बंद कसा करायचा ते त्यांना कधीच जमलं नाही, त्यामुळे नवऱ्याचं हसणं मला चांगलंच ऐकू आलं.

रविवारी सकाळी मांजर उकडलेल्या चिकनचे तुकडे पोटभर खाऊन गेली. मामा माळकरी. ते तुकडे त्यांनी चमच्यानं, चेहरा दुसरीकडे करून, स्वतः ताटलीत वाढले होते.