पाद्रीबाबांचं इंजिन आणि आमचे भावजी

रविवार, पंधरा मार्च. कुकर खोलून बसले आहे. रबर गरम पाण्यात, शिट्टी व्हिनेगरमध्ये, आणि झाकणाच्या नळीत अडकलेली डाळ सुईनं काढणं चालू आहे. हे काम मी न चुकता करते, कारण आमच्या भावजींनी मला तशी शपथ घातली आहे. आणि भावजींचा विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकते. जगात शोधण्यासारखं जे काही होतं ते दोनशे वर्षांपूर्वीच शोधून झालं, त्यानंतर माणसानं नुसती रंगरंगोटी केली, असं ठामपणे मानणारा सिंगापुरात एकच माणूस आहे, आणि तो दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे मावसभाऊ. वय एक्कावन्न, लग्न नाही, यिशुनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. नोकरी डेटा सेंटरमध्ये. सगळं जग ज्याला क्लाउड म्हणतं तो गार ठेवायचं काम ते करतात, पण क्लाउडचं त्यांना काडीचं कौतुक नाही. "वहिनी, आतलं मला विचारू नका. बाहेरून बघाल तर पाणी तापतं आणि पाणी गार होतं. त्या इंजिनवाल्याला आणून उभा केला असता ना, तर म्हणाला असता, हे तर माझंच आहे, नुसता पत्रा नवीन आहे."

इंजिनवाला म्हणजे वाफेचं इंजिन सुधारणारे ते प्रसिद्ध गृहस्थ. भावजी शास्त्रज्ञांची नावं घेत नाहीत. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसलाच काही प्रकार असावा. खाणीतल्या माणसांसाठी जाळीचा दिवा करणारा तो दिवेवाला, मेलेल्या बेडकाच्या तंगडीत वीज सापडली म्हणणारा तो बेडूकवाला, आणि वीज बेडकात नाहीच, ती दोन धातूंमुळे तयार होते म्हणणारा तो चकत्यावाला. या शेवटच्या दोघांचं भांडण भावजी असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, वाईकडच्या चुलतभावांचा बांधावरून वाद चाललाय. "एकमेकांना मानणारी माणसं हो! एका बेडकापायी बिघडलं." चकत्यावालाच खरा, हे सिद्ध करायला त्यांनी एकदा माझ्या ओट्यावर तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्यांची चळत रचली आणि मध्ये मध्ये खारात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले. दिवा लागला, हरभऱ्याएवढा. आमचे हे टाळ्या वाजवायला लागले. खार माझ्या लिंबाच्या लोणच्याचा होता हे मी बरणी दाखवून सांगितलं, तेव्हा थांबले.

कुकरचंही असंच. मी शिट्ट्या मोजते हे भावजींना सहन होत नाही. "शिट्टी काय घड्याळाचा टोला आहे? भांडं तुम्हाला सांगतंय की वहिनी, या खेपेला फुटलो नाही." त्या काळी बॉयलर फुटून माणसं मरत, हे ते अशा आवाजात सांगतात की काल शेजारच्या ब्लॉकमध्ये घडलं असावं. विमानात बसले की शेजारच्या प्रवाशाला माहिती देतात, बलूनमधून सगळ्यात आधी मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले होते आणि तिघंही सुखरूप खाली आले, तेव्हा काळजी नसावी. त्या बिचाऱ्याला तोवर काळजी नसतेच. इंजिन फार जोरात पळायला लागलं की दोन लोखंडी गोळे फिरता फिरता आपोआप फाकतात आणि वाफ कमी करतात, हा त्यांच्या मते मानवजातीचा सर्वांत सभ्य शोध. एकदा मी घरी विसरलेला चष्मा द्यायला ते रॅफल्स प्लेसला माझ्या ऑफिसात आले होते. काचेपलीकडे आमचे साहेब कुणावर तरी ओरडत होते. भावजींनी थोडा वेळ निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "यांना गोळे बसवायचे राहिलेत." माझी मुलगी त्यांना दारातच इथल्या इंग्रजीत सांगते, "काका, नो फ्रॉग टुडे, कॅन?" काका म्हणतात, "कॅन, कॅन," आणि मेंढीपासून सुरुवात करतात.

पुण्यात त्यांच्या लग्नाचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पण पोह्यांची बशी हातात आली की ते समोरच्या मुलीला विचारत, "सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल आपलं मत काय?" एकीनं म्हणे बराच विचार करून "असावा" असं उत्तर दिलं होतं. ती भावजींना पसंत होती, पण तिच्या वडिलांना भावजी पसंत नव्हते. त्यानंतर त्यांनी नाद सोडला आणि सिंगापूरला येऊन बिस्किटांचे डबे कापायला लागले. त्या डब्यांतून काय काय बनतं ते त्यांच्या दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मांडलेलं असतं. शेजारची चिनी आंटी त्यावर मिरच्या वाळत घालते. दोघांचं छान चालतं.

मी चोआ चू कांगला राहते. आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर एक ताई आहेत, नागपूरच्या. बॅटऱ्यांवर संशोधन करतात. फोन उचलला की आधी "जय भीम", मग कामाचं. नवरा फार वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. माझ्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी पडली. त्यांनी उचलून दिली आणि ती किती वाईट निवडली आहे ते सांगितलं. मला बाई आवडल्या. मार्चअखेरीला त्यांचं इथलं काम संपणार आणि त्या नागपूरला परतणार, हे कळल्यावर मी वेळ घालवला नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी दोघांनाही जेवायला बोलावलं. भावजींना फोनवर बजावलं, इस्त्रीचा शर्ट घाला आणि तोंडातून एकही शोध काढू नका. बोलायचंच तर हवापाण्यावर बोला.

माणूस आज्ञाधारक. समोर बसले, हात गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाले, "आज उकडतंय."

"हो," ताई म्हणाल्या. "कालही उकडत होतं."

"उद्याही उकडेल."

सिंगापुरात हवापाण्याचा विषय इथे संपतो.  भावजींचा चेहरा नळी बुजलेल्या कुकरसारखा तांबडा होत चालला. शेवटी ताईच म्हणाल्या, "तुम्ही घरी काहीतरी बनवता म्हणे?" शाळेतला मुलगा पाणी प्यायला जाऊ का म्हणून बाईंकडे बघतो, तसं भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांगा आता."

मग पाद्रीबाबांचं इंजिन निघालं. बॉयलरच नको, म्हणजे फुटायला काही उरणार नाही, असा विचार करून स्कॉटलंडातल्या एका पाद्र्यानं नुसत्या गरम हवेवर चालणारं इंजिन केलं होतं. खालून उष्णता, वरून गारवा. मधली हवा फुगते, आकसते आणि चाक फिरतं. भावजींनी त्याची छोटी आवृत्ती बिस्किटाच्या डब्यातून बनवली होती. चहाच्या वाफाळत्या कपावर ठेवली की ती चालायला हवी. पण कित्येक वर्षं झाली, तिनं एकसुद्धा फेरा घेतला नव्हता.

"एसीत ठेवून पाहिलंत?" ताईंनी विचारलं.

"घरी मी एसी लावत नाही. दिवसभर तेच काम असतं."

"मग वर बर्फ ठेवा. खालच्या-वरच्यात फरक कमी पडतोय, दुसरं काय!"

"ते मला सुचलं होतं," भावजी जरा ताठ होऊन म्हणाले, "पण पाद्रीबाबांनी बर्फ ठेवला नव्हता, मॅडम. ती कॉपी झाली."

"अहो, त्यांना कशाला ठेवावा लागेल? ते स्कॉटलंड! बाबांच्या खिडकीत हिवाळा बसलेला असायचा. तुमच्या यिशुनच्या खिडकीत काय आहे?"

 भावजी माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, बर्फ आहे?"

त्यांच्या स्वतःच्या घरी बर्फ असण्याची शक्यताच नव्हती, कारण फ्रीजचा कॉम्प्रेसर त्यांनी बघायला म्हणून काढला होता आणि तो अजून बघून व्हायचा होता. मी सरबतासाठी केलेला बर्फ त्यांनी थर्मासमध्ये भरला. माझ्या गुळाच्या पोळ्या तव्यावर होत्या. मी म्हटलं, "अहो, जेवून तरी जा!" तोवर ताईंनी पर्स उचलली. म्हणाल्या, "मी पण जाते. एवढी वर्षं न चाललेलं यंत्र चाललं असं हे एकटेच म्हणाले, तर कोण मानेल? कुणीतरी बघणारं पाहिजे." आणि दोघंही, एक थर्मास मध्ये धरून, लिफ्टमध्ये शिरली. माझा एवढा जमवून आणलेला कार्यक्रम आमच्या ह्यांनी दोन पोळ्या जास्त खाऊन पार पाडला. संध्याकाळी ताईंचा निरोप आला, "फिरलं. थांबलं. परत फिरलं. बर्फ आणखी लागेल."

त्यानंतर भावजी माझ्याकडे येताना आधी चौथ्या मजल्यावर थांबायला लागले आणि जेवायला दोघं मिळून यायला लागले. यायचे ते भांडतच. ताई निघाल्या बेडूकवाल्याच्या बाजूच्या. "शरीरात वीज असतेच की हो! तुमचं काळीज काय पुठ्ठ्यावर चालतं?" यावर भावजी आपलीच नाडी धरून बसले, आणि हरल्याचं त्यांना दुःखही झालेलं दिसलं नाही. बातमी पुण्याला पोचली. भावजींच्या थोरल्या बहिणीचा मला फोन, "आपल्यातली नाहीये म्हणे?" मी म्हटलं, "नाही हो, आपल्यात एवढं शिकलेलं कोण आहे?" पुन्हा फोन आला नाही.

हे सगळं ठीक. पण मार्च अर्धा संपला आणि भावजी तोंड उघडेनात. ताईंच्या परतीचा दिवस जवळ यायला लागला. जेवताना दोघं वीज, वाफ, जस्त, सगळ्यावर बोलायची, पण एप्रिलचा विषय निघाला की दोघांनाही एकदम वरण वाढून हवं असायचं.

आज दुपारी ताई आल्या नाहीत; घर आवरायचंय म्हणाल्या. भावजी एकटेच जेवले. बेडूक नाही, मेंढी नाही. जाताना दारात बूट घालायला वाकले आणि वाकलेलेच म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकदा मॅडमशी बोलाल का?"

"कशाबद्दल?"

"तेच. मोठ्यांनी बोलायचं असतं ना ते."

"अहो, मी तुमच्याहून वयानं लहान आहे."

"नात्यानं मोठ्या आहात."

मी चिडले. म्हटलं, "एक्कावन्न वर्षांचे झालात तुम्ही! मागणी घालायला वहिनी लागते?"

"आई असती तर तिला सांगितलं असतं," ते म्हणाले. तेवढ्यात लिफ्ट आली आणि ते गेले.

रबर बसवलं, शिट्टी बसवली, कुकर पुसून जागेवर ठेवला. यंत्राचं एक बरं असतं. अडलं तर कुठे अडलं ते खोलून बघता येतं. ताई नाही म्हणाल्या तर यिशुनला त्या एकट्या फ्लॅटमध्ये हा माणूस काय करेल, याचा मी आजवर विचार केला नव्हता. आज केला. फारसा बरा वाटला नाही.

सोमवार. सकाळी ऑफिसचे कपडे करून, पर्स खांद्याला लावून चौथ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. ताईंनी दार उघडलं, तोंडात ब्रश. मागे हॉलमध्ये पुस्तकांची खोकी बांधून रचलेली दिसत होती. आडवळणानं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "आमच्या भावजींना तुमच्याशी लग्न करायचंय. तुमचं काय म्हणणं?"

त्या आत गेल्या, चूळ भरली, तोंड पुसत बाहेर आल्या.

"अरे बाप्पा! मीच विचारलं की त्यांना, आठ दिवसांपूर्वी. म्हणाले, वहिनींना विचारून सांगतो. तेव्हापासून वाट बघून राहिले मी. काल संध्याकाळपर्यंत काही आलं नाही, म्हणून म्हटलं, तुमचा नकार दिसतो. बांधली खोकी."

"मला कुणी काही विचारलंच नाही!"

"मग आता मी विचारते," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, पण टॉवेल दोन्ही हातांत घट्ट पिळून धरलेला. "तुमची काही हरकत आहे?"

"नाही," मी म्हटलं. "खोकी सोडा. आणि त्यांना तुम्हीच फोन करा, मला उशीर होतोय."

ट्रेनमध्ये बसायला जागा नव्हती. उभ्या उभ्याच फोनवर बघितलं, इथे लग्नाच्या नोंदणीला काय काय लागतं. साक्षीदार दोन लागतात. एक मी झाले. दुसरं नाव म्हणून मनात पटकन मावशींचंच आलं, भावजींच्या आईचं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रॅफल्स प्लेस येईपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग आमच्या ह्यांना कळवलं की दुसरे साक्षीदार ते आहेत, आणि त्या दिवशी शर्ट इस्त्रीचा हवा.