एक ‘बाई’ जास्त

तोवर मी फक्त पत्रकं लिहिली होती. मोठा मथळा, तीन उद्गारचिन्हं, खाली मागण्या. बोंडअळीच्या त्या वर्षांत यवतमाळात पत्रकांना विषय भरपूर होते, पण पत्रकांनी पोट भरत नाही. म्हणून मी बसस्टँडजवळच्या एका छोट्या सॉफ्टवेअरवाल्याकडे कामाला लागले. त्याला सरकारी कापूस खरेदीच्या नोंदणीचं काम मिळालं होतं. सकाळी ज्या नोंदणीच्या विरोधात पत्रकं वाटायची, तिचीच दुपारी चाचणी करायची. कुणी नाकं मुरडली, मुरडू द्या. दार कुठे अडकतं ते आत शिरल्याशिवाय दिसत नाही.

माझं काम होतं खोटी प्रमाणपत्रं बनवायचं. दचकू नका, हे रीतसर काम असतं. संगणकाला माणूस ओळखू येत नाही. त्याला प्रमाणपत्र लागतं: नाव, मुदत आणि कुण्या भरवशाच्या संस्थेची सही. सोबत एक गुप्त चावी, जी ज्याची त्याने जपायची. खऱ्या माणसांच्या चाव्या चाचणीत वापरत नाहीत, म्हणून खोटी माणसं आणि खोट्या चाव्या. सही करणारी संस्थासुद्धा आपणच उभी करायची. मी तिचं नाव ठेवलं ‘खोटारडे मंडळ, बाभुळगाव’.

“बाभुळगाव काहून?” मालकाने विचारलं.

“माझं गाव आहे, सर. दुसऱ्याच्या गावाची कायले बदनामी करू?”

मग एकेक नमुना तयार केला. मुदत संपलेलं प्रमाणपत्र ‘निवडणुकीतलं आश्वासन’ या नावाने. ज्याची मुदत पुढच्या वर्षी सुरू होते, ते ‘नुकसानभरपाई’च्या नावाने. आणि ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचीच सही नाही, स्वतःच स्वतःला खरं म्हणतं, ते ‘अळी न लागणारं बियाणं’. संगणकाने तिघांनाही हाकललं. आमच्या मतदारांपेक्षा हुशार निघाला!

इथे एक उलटा हिशोब समजून घ्या. चुकीच्या माणसाला संगणकाने हाकललं, की चाचणी पास. पडद्यावर हिरवं ‘पास’ उमटतं. मालक हिरवं मोजायचा आणि चहा मागवायचा.

त्याच आठवड्यात नेरच्या केंद्रावर नोंदणीची रंगीत तालीम होती. मी पत्रकं घेऊन गेलते. तिथे तांड्यावरची एक म्हातारी खिडकीपाशी भांडत होती. तिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे आई. तिच्या घरात कापूस छतापर्यंत भरलेला, आणि नोंदणी दोनदा नाकारलेली. मी कागद पाहिले. सातबाऱ्यावर तिच्या नावापुढे ‘बाई’ होतं, आधारवर नव्हतं. बस्स, एवढंच.

“मी तेच हावो न वं,” याडी म्हणाली. “बाई लावलं तं काय दुसरी बाई झाली?”

खिडकीतला म्हणाला, “मशीन घेत नाही, याडी. सोमवारी पक्की नोंदणी सुरू होते, तेव्हाही नाही घेणार.”

म्हणजे कापूस जाणार गावोगाव फिरणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर. तो नाव विचारत नाही आणि बरोबर मापतही नाही.

मी परत आले आणि याडीसारखाच नमुना बनवला. एका कागदावर ‘बाई’, दुसऱ्यावर नाही. संगणकाने नाकारलं. पडद्यावर हिरवं ‘पास’.

“सर, चाचणी पास झाली आणि बाई नापास झाली,” मी म्हणाले.

“ओ पत्रकवाल्या ताई, नियम सरकारी खरेदीच्या साहेबांचा आहे. अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. शुक्रवारी साहेब पाहायला येतात. त्यांना पटवा, नाहीतर गप बसा.”

मी गप बसले. इतकी गप, की मालकाला संशय यायला हवा होता.

खरी गंमत अशी, की नाव जुळवायचा भाग एकच होता. शेतकऱ्याला तोच आणि शेतकऱ्यांच्या यादीवर सही करणाऱ्या साहेबांनाही तोच. साहेबांच्या चाचणीसाठी प्रमाणपत्र मलाच बनवायचं होतं. मी त्यांच्या कार्यालयात गेले, दारावरची पाटी पाहिली आणि नाव जसंच्या तसं उतरवून आणलं. पाटीवर नावापुढे ‘राव’ होतं. संगणक ज्या कर्मचाऱ्यांच्या यादीशी नाव ताडायचा, तिच्यात साहेबांना ‘राव’ नव्हतं.

शुक्रवारी साहेब खुर्चीत बसले. सही करायला बटण दाबलं. नाकारलं. पुन्हा दाबलं. पुन्हा नाकारलं.

“हे काय आहे?”

“नाव जुळत नाही, साहेब,” मी म्हणाले. “एक राव जास्त आहे.”

“अरे, पण हा मीच आहे!”

“नेरची एक बाई पण हेच म्हणत होती, साहेब. तिची एक ‘बाई’ जास्त आहे.”

मालकाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या चहात मीठ टाकलं. साहेब पाटीसारखे ताठ झाले. मग घसा साफ करून म्हणाले, “अशा फरकाला नाकारायचं नाही. कारकुनाने कागद पाहून ठरवावं. हे मी आधीच सांगितलं होतं.” सांगितलं नव्हतं. पण आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

“मुद्दाम केलं तू,” ते गेल्यावर मालक म्हणाला.

“पाटीवरचं नाव टंकलं. पाटी खोटी आहे का?”

संध्याकाळपर्यंत त्याने नियम बदलला. मी याडीचा नमुना पुन्हा चालवला. या वेळी संगणकाने तिला हाकललं नाही, ‘कागद पाहा’ म्हणून पुढे पाठवलं. जुन्या हिशोबाने ती चाचणी चुकली. पडद्यावर लालभडक ‘नापास’. आयुष्यात एवढा गोड लाल रंग मी पाहिला नाही, आणि मी लाल झेंड्याखाली वाढलेली मुलगी आहे.

सोमवारी नेरला गेले. याडीचा नंबर लागला. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “याडी, ‘बाई’ लावू का काढू?”

“लाव,” ती म्हणाली. “नवऱ्यानं तं जलमभर लावलं नाही. सरकारनं तरी लावावं.”