चंदाक्काचा सात बाजारांचा मोर्चा

बातमी अशी होती, की चंदनबाला बोगार ऊर्फ चंदाक्का या बाईनं निगडवाडीच्या आकाराम सुभेदाराला भर बाजारात आडवं पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. बातमी कवठे महांकाळला पोचेस्तोवर तिनं त्याला लुगडंही नेसवलं होतं. पाटणच्या एसटी स्टँडवर मला एकानं देवाशपथ सांगितलं, की सुभेदार मिशी काढून पुण्याला लेकीकडे तोंड लपवून राहतोय.

आता सुभेदार कसा, तर दारातनं आत येताना वाकणारा. आणि चंदाक्का त्याच्या शर्टाच्या खिशाला लागेल एवढी. पण बातमीला उंची मोजायची सवय नसते.

चंदाक्का सांगलीकडची कासारीण. जैन घरातली, सूर्य बुडायच्या आत जेवणारी, मुंगीला वळसा घालून जाणारी आणि माणसाला मात्र जिभेनं सोलून काढणारी. नवरा जयपाल टेम्पो चालवतो, ही मागं बांगड्यांच्या माळा सांभाळत बसते. आठवड्याचे सात दिवस, दोन जिल्ह्यांतल्या सात गावचे बाजार. एक पाटणच्या खोऱ्यात, एक कवठे महांकाळच्या माळावर, बाकीचे अधलेमधले. त्यामुळं बाईला तारीख कळत नाही, बाजार कळतो. लेक ब्राह्मी कधी जन्मली विचारा. म्हणेल, "पळसखोऱ्याच्या बाजारी, मिरची लय उतरलीवती त्या साली."

तिच्या धंद्याची एक गंमत सांगतो. कासारणीनं हात धरला, की बाई अडकली. अंगठ्याचं मूळ दाबत, बोटं चेपत बांगडी वर सरकेपर्यंत तिला हलता येत नाही, आणि मांडीला मांडी लावून बसलेली बाई गप्प बसत नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या सुनांची गाऱ्हाणी चंदाक्काला अशी तोंडपाठ झाली. मला त्यातली अर्धीच कळली, हे माझं दुःख वेगळं.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. पहिले काही दिवस गावोगाव फटाके वाजले. मग लढाई लांबत चालली, आणि चंदाक्काच्या हातात येणारे हात थंडगार लागायला लागले. फौजेतल्या पोरांच्या बायका, आया. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. चौकात पुढारी माइकवर ओरडत होते, "आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?" आणि खाली बांगड्या भरलेल्या बायका खाली मान घालून कोथिंबीर निवडत होत्या.

चंदाक्काला तो माइक लागला.

"आवं, बांगडी भरली म्हंजे भ्यालं, असं कुठल्या शाळंत शिकलं हे?" ती जयपालला म्हणाली. "तीस वरसं मी काय भित्र्यांची गर्दी भरती करतीया?"

"तू बांगड्या विक," जयपाल म्हणाला. "लढाई थांबवायला दुसरी माणसं हाईत."

"कोन? नाव सांगा."

जयपालनं टेम्पो सुरू केला.

सांगलीत क्रांती नावाची तरुण वकील होती. लढाई थांबवा म्हणून तिनं कोर्टासमोर दोनदा फलक धरला होता, सोबतीला चार मैत्रिणी. चंदाक्का तिच्या घरी बांगड्या द्यायला गेली आणि मोर्चा ठरवूनच बाहेर पडली. ठरलं ते असं : शनिवारी सकाळी दहाला, दोन्ही जिल्ह्यांतल्या सातही गावांत एकाच वेळी बायकांनी चौकात बसायचं. भाषण नाही, घोषणा नाही. फक्त दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवायच्या. लाजणाऱ्या बाईलाही जमेल असं. फलक क्रांतीनं लिहायचे, निरोप चंदाक्कानं पोचवायचा.

चंदाक्कानं निरोप पोचवला. हात दाबत, कानाशी तोंड नेऊन, प्रत्येक गावात तिनं सांगितलं, "पुढच्या बाजारी, धा वाजता."

आलं ध्यानात? सात गावं, सात बाजार, सात वार!

शनिवारी क्रांतीनं फोनवर फोन लावले. एका गावात बायकांनी चौक भरून टाकला होता, कारण तिथला बाजारच शनिवारचा. बाकीच्या सहा गावांत चौकात कुत्री झोपली होती. पोलिसांच्या गाड्या सातही ठिकाणी जाऊन आल्या आणि हसत परतल्या. क्रांती रडकुंडीला आली.

"अक्का, एकाच वेळी म्हणाले होते ना मी? एकाच वेळी झालं तर ताकद दिसते!"

चंदाक्कानं कपाळाला हात लावला. चूक तिला कळली. पण चूक कबूल करून गप्प बसली तर ती चंदाक्का कसली! "हे बघ पोरी, सगळी एकदम शिंकली तर एकदाच शिंक झाली. रोज एक जन शिंकला, तर गाव म्हनतंय साथ आली. बघ तू."

रविवारी दुसरं गाव बसलं. सोमवारी तिसरं. शनिवारी हसत परतलेल्या गाड्या आता रोज नव्या गावाला धावायला लागल्या. एका फौजदारानं विचारलं, "बाई, हे संपणार कधी? तारीख सांगा."

"तारीख मला येत न्हाई, सायेब. बाजार कवा हाय ते इचारा."

शेवटचा बाजार शुक्रवारचा, निगडवाडीचा. आणि खरी गाठ तिथंच होती. निगडवाडी म्हणजे घरटी एक फौजी. वेशीवर शहिदांची नावं कोरलेला दगड, आणि त्या दगडाला रोज सकाळी कडक सलाम ठोकणारा आकाराम सुभेदार. स्वतः लढाई पाहिलेला. पोरगा शंभूराज आता सीमेवर. मंगळवारी सुभेदारानं देवळाच्या कर्ण्यावरनं हुकूम सोडला : कासारणीला गावात बसू द्यायचं नाही, निगडवाडीची एकही बाई तिच्याकडं हात देणार नाही, आणि "आमी बांगड्या न्हाई भरल्या!"

तोवर तालुक्याच्या गावी लोक कुजबुजायला लागलेच होते, की ज्यांची पोरं सीमेवर नाहीत त्यांनाच शांतता सुचते. जयपालनंही तेच ऐकवलं. "शुक्रवारी नगं जाऊ. तीस वरसांचा बाजार तुटंल."

"तुटू दे," चंदाक्का म्हणाली. "पर लोक बोलत्यात ते खोटं न्हाई. फौजंच्या गावची बाई बसली न्हाई, तर आमी साऱ्याजनी सा दिस फुकट बसलो."

शुक्रवारी ती गेली. तिच्या नेहमीच्या जागेवर सुभेदारानं खुर्ची टाकली होती आणि खुर्चीवर स्वतःला. चंदाक्कानं गटाराच्या कडेला पटकूर अंथरलं, माळा मांडल्या. बायका येत, भाजी घेत, तिच्याकडं न बघता पुढं जात. दहा वाजले. क्रांती फलक गुंडाळून हातात धरून उभी. सुभेदार मिशीला पीळ देत होता.

तेवढ्यात गर्दीतनं एक म्हातारी आली. पिशवीत दोडके, मेथी. चंदाक्कासमोर बसली आणि तिनं हात पुढं केला.

"भर."

ती रंगूबाई होती. सुभेदाराची बायको.

चंदाक्कानं हात घेतला आणि बोटं चेपत बांगडी चढवायला लागली. सुभेदार खुर्चीतनं उठून ताडताड आला.

"ऊठ! घरला चल."

आता इथं एक रीत सांगायला पाहिजे. कासारणीच्या हातात दिलेला हात अर्ध्यातनं ओढून घेत नाहीत. बांगडी मुठीवर अडली असताना हिसका बसला, तर ती फुटते. आणि आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणतही नाहीत, "वाढवली" म्हणतात, एवढं भ्या. पोरगा सीमेवर असताना तर नावच काढू नका. चंदाक्काच्या हातातली बांगडी त्या वेळी बरोब्बर मुठीवर होती. आणि त्या बाईनं, देव तिचं भलं करो, दाबायचं थांबवलं.

"वढा की, सुभेदार," ती म्हणाली. "वढा. मी धरलं न्हाई."

तोफेपुढं उभा राहिलेला माणूस दोन-सहा मापाच्या एका काचेपुढं थांबला. हात पुढं गेला आणि तसाच राहिला.

"गावाची अब्रू घालवतीस व्हय गं?" त्याचा आवाज खाली आला. "आमी काय बांगड्या भरल्यात?"

"तुमी न्हाई भरल्या," रंगूबाई म्हणाली. मान वर न करता. "मी भरल्या. तुमी तिकडं हुता, तवा पोस्टमन दिसला की मी ह्या हाताकडं बघायची. ऱ्हात्यात का जात्यात. आता सून बघती. परवापास्नं शंभूचा फोन न्हाई, ते कर्ण्यावरनं सांगितलं का तुमी?"

आधी सुभेदाराची सून आली, सासूच्या मागं बसली. मग तिच्या मागं बायका बसत गेल्या, गटारापासून पार वेशीवरच्या दगडापर्यंत. चंदाक्कानं बांगडी वर सरकवली. रंगूबाईनं दोन्ही हात उचलले. मग सगळ्यांनी. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना विचारा. मी लिहून दाखवू शकत नाही. जयपाल टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होता, का ते त्यालाही माहीत नाही.

पोलिसांनी नावं लिहून घेतली. चंदाक्कानं आपलं नाव सांगितलं आणि वर म्हणाली, "पत्त्यात सातही बाजार लिवा."

लढाई पुढं थांबली, ती तिच्या कारणानं. चंदाक्कानं थांबवली असं मी म्हणणार नाही, म्हणालो तर तिचं डोकं फिरेल. शंभूराजचा फोन आला. दिवाळीला तो स्वतःही आला. निगडवाडीच्या बाजारात चंदाक्का आता आपल्या जुन्या जागेवर बसते, आणि कुठं लढाईची भाषा सुरू झाली की हात दाबत हळूच म्हणते, "पुढच्या बाजारी गं."

राहिली ती बातमी. कुणीतरी मोबाइलवर लांबून काढलेला फोटो गावोगाव फिरला. त्यात चंदाक्का सुभेदाराचं मनगट धरून बसलेली दिसते आणि सुभेदाराचं तोंड वाकडं झालेलं. त्यावरनं पुढचं सगळं लोकांनी शिवलं. मी दोघांना विचारलं. दोघंही आधी हसले.

खरं ते एवढंच. बायकांचे हात वर होते तेव्हा सुभेदार खाली बसला आणि त्यानं आपला डावा हात चंदाक्कापुढं धरला. तिनं त्याला पाडलं नाही. तोंड वाकडं झालं, कारण त्याच्या मापाची बांगडी तिच्याकडं नव्हती. एकच चढली.