म्हशीवर कसला राग

मनाच्या आजारावरची गोळी सुरू होऊन काही आठवडे झाले होते. रडू थांबलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणारी मी उठायला लागले होते. पण उठले की बसवत नव्हतं. भाकरी थापता थापता मध्येच दारात जायचे, दारातून परत चुलीशी. तव्यावरची भाकरी करपायची. आतून कुणीतरी चल चल म्हणून ढोसतंय, आणि जायचं कुठं ते मात्र सांगत नाही, असं व्हायचं.

मग राग यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "आमटीत मीठ इसरलीस की गं." मी पळी आपटली. "मग तुमीच करा की!" लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढं माझा आवाज कधी चढला नव्हता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गोळीनं तोंड फुटलंय हिला. बंद कर ती."

नवरा हसला. "असू दे की. बोलाय तरी लागली."

त्याच्यावरही मी ओरडले. "दवाखान्यात माझं सगळं तुमीच सांगता. मला तोंड न्हाय व्हय?"

"ही तू न्हाईस, गोळी बोलतीया," तो म्हणाला.

ते फार लागलं. खरंच गोळी बोलत होती का? मला ठरवता येईना. गोळी सोडली तर परत ती भिंत. घेत राहिले तर हे असं. आणि डॉक्टरांना सांगायचं म्हटलं तर तिथं बोलणार नवराच.

एका सकाळी धार काढायला बसले. उकिडवं बसवत नव्हतंच. म्हशीनं पाय हलवला, थोडं दूध सांडलं. मी उठून बादली तिच्या पाठीत घातली. म्हैस पळाली नाही, ओरडली नाही. मान वळवून नुसती बघत राहिली. त्या दिवशी तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. संध्याकाळी धारेला नवऱ्याला बसावं लागलं.

मी गोठ्याच्या दारात येरझाऱ्या घालत होते. सासूबाईंवर, नवऱ्यावर रागवायला माझ्याकडं कारणं होती, जुनी, साठवलेली. म्हशीवर कसला राग? तिनं माझं काय वाईट केलं होतं? तेव्हा वाटलं, हा राग माझा नव्हे.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" नवरा म्हणाला, "बरं हाय सायेब. जेवतीया, झोपतीया."

मी पदर मुठीत धरला. "मी म्हशीला मारलं."

"आता म्हशीचं काय काढलंस?" नवरा म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "याआधी कधी मारलं होतं?"

"न्हाय."

"एका जागी बसवत नाही का?"

मी न सांगता त्यांना कसं कळलं? मला रडूच आलं. या गोळीनं काहींना असं होतं, ते म्हणाले. मनानं बंद करू नका, मी बदलून देतो. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच दिवशी या.

नवीन गोळीनं पाय हळूहळू थांबले. म्हैस अजून माझ्याकडं तिरकं बघते, पण दूध देते.

पुढच्या वेळी नंबर आला तसा नवरा उठला. मी म्हटलं, "तुमी भाईर बसा. माझं मी सांगीन."

"अजून उतरला न्हाय व्हय राग?"

"राग न्हाय आता," म्हटलं आणि दार ढकललं. भीती वाटत होती. पण ती तर गोळीच्या आधीपासूनची, माझीच होती.